नळाला चिरीमिरी, बीमला छिन्नी

मंडळी, घरातला जुना नळ किंवा पाईप बदलायला महापालिकेची परवानगी लागत नाही! मुंबई महानगरपालिका कायदा १८८८, कलम ३४२ वाचा. नळ, ड्रेनेजचे पाईप, फरशा, संडास-बाथरूमची दुरुस्ती... सगळ्याला सूट आहे. पण खांब किंवा भार पेलणारी भिंत आली की सूट संपली.

आपलं मात्र नेमकं उलटं. नळासाठी कोणी 'साहेबांचं बघावं लागेल' म्हटलं की लगेच पाकीट काढतो, आणि पाईप लपवायला प्लंबर बीम फोडतो तेव्हा गप्प! घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीत तळमजल्यावर फेरफार चालू होते. २५ जुलै २०१७ ला ती कोसळली, १७ जण गेले.

तेव्हा नळाला चिरीमिरी बंद, आणि बीमला छिन्नी तर नाहीच. वरच्या मजल्यावर पण माणसं राहतात, राव!