तीन अवयव गमावले, तरी वफादारीचा सबूत मागितला गेला

दर ११ नोव्हेंबरला अमेरिकेत माजी सैनिक दिन पाळला जातो. त्या दिवशी झाडून सगळे पक्ष सैनिकांना सलाम करतात. पण तोच सैनिक निवडणुकीत समोर उभा राहिला तर काय होतं? याचं उत्तर जॉर्जिया राज्याचे नेते मॅक्स क्लीलंड यांच्या आयुष्यात सापडतं. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. देशप्रेमाचे दाखले मागण्याचं राजकारण आज कितीतरी देशांत जोरात आहे, म्हणून ही हकीकत आम्हाला जुनी वाटत नाही.

क्लीलंड लष्करात कॅप्टन होते. व्हिएतनाम युद्धात खे सानच्या लढाईत त्यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना सिल्व्हर स्टार हे पदक मिळालं. ८ एप्रिल १९६८ रोजी ते हेलिकॉप्टरमधून उतरले. जमिनीवर पडलेला एक हातबॉम्ब उचलायला वाकले आणि तो फुटला. दोन्ही पाय गेले, उजवा हात गेला. तेव्हा वय होतं अवघं २५. बॉम्ब आपल्याच अंगावरून पडला असं समजून ते तीस वर्षं स्वतःला दोष देत राहिले. तो दुसऱ्याच सैनिकाचा होता, हे त्यांना १९९९ मध्ये कळलं.

पण हा माणूस घरी बसून राहिला नाही. १९७० मध्ये ते जॉर्जियाच्या सिनेटवर, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. सार्वजनिक इमारतींत अपंगांना आणि वृद्धांना सहज जाता यावं, यासाठी त्यांनी कायदा करून घेतला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी माजी सैनिकांचा संपूर्ण विभाग त्यांच्याकडे सोपवला. युद्धाने मनावर झालेल्या जखमांसाठी समुपदेशन केंद्रं त्यांच्याच काळात सुरू झाली. पुढे सुमारे तेरा वर्षं ते जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते. राज्यातल्या निवडणुकांचा कारभार याच पदाकडे असतो. १९९६ मध्ये ते अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले.

खरी कसोटी लागली २००२ मध्ये. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्ष झालं होतं, देश भीती आणि रागाने पेटलेला होता. ऑक्टोबरमध्ये इराकवर हल्ल्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष बुश यांना देणारा ठराव आला. निवडणूक महिन्यावर होती. क्लीलंड यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. निवडणुकीचं दडपण होतं हे त्यांनी पुढे कबूल केलं आणि त्या मताचा पस्तावाही जाहीर केला.

त्या मताने ते वाचले का? नाही. त्यांचे प्रतिस्पर्धी सॅक्सबी चॅम्ब्लिस यांनी टीव्हीवर जाहिरात दिली. सुरुवातीलाच ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांची चित्रं, आणि पाठोपाठ क्लीलंड यांच्यावर इल्जाम, की ते देशाच्या सुरक्षेच्या आड येतात. वस्तुस्थिती अशी की, नव्या सुरक्षा खात्याला त्यांचा विरोध नव्हता. वाद होता तो त्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा. इल्जाम लावणारे चॅम्ब्लिस स्वतः व्हिएतनामला गेलेच नव्हते. शिक्षण आणि गुडघ्याची दुखापत या कारणांनी त्यांना सूट मिळाली होती. चॅम्ब्लिस यांच्याच पक्षाचे, व्हिएतनाममध्ये लढलेले जॉन मॅकेन आणि चक हेगल यांनी या जाहिरातीचा निषेध केला. तरी क्लीलंड हरले. हरण्याला इतर कारणंही होती. राज्याच्या झेंड्यावरून वाद पेटला होता आणि बुश यांची लोकप्रियता जोरात होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती जाहिरातच.

मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला. ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारलं, ती सापडलीच नाहीत. आमच्या मते क्लीलंड यांची खरी हार मतपेटीत झाली नाही. आपण देशभक्त आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी मनाला न पटलेलं मत दिलं, हार तिथेच झाली. त्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनी नाही, बगदाद आणि फल्लुजातल्या बेकसूर माणसांनी मोजली.

हे वाचताना आमच्या वाचकांच्या मनात काय येत असेल, हे सांगायची गरज नाही. सबूत मागणाऱ्याला सबूत नकोच असतो, त्याला समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं ठेवायचं असतं. मग सफाई देत बसायचं की आपलं काम करत राहायचं? पराभवानंतर क्लीलंड निराशेच्या गर्तेत गेले, त्यांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. पण ते सावरले, आणि २००९ पासून काही वर्षं युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या सरकारी आयोगाचं काम त्यांनी सांभाळलं.

एक गोष्ट स्वतःलाही विचारू या. सूरह अल-हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. वेगळं मत मांडणाऱ्या आपल्याच भावाच्या ईमानावर आपण किती पटकन शंका घेतो! दाखले मागणाऱ्यांचा आपल्याला राग येतो, तो रास्तच आहे. मग आपणही कोणाकडे दाखले मागू नयेत. मुलांना ही हकीकत सांगाल तेव्हा हेही सांगा.