नवशिक्याची नासाडी

मराठीतले ‘विणणे’ हे क्रियापद फार सोशिक आहे. लोकरीचा स्वेटर विणला जातो, लुगडे विणले जाते, बाज विणली जाते. बुरूड टोपली विणतो, ढिवर मासळीचे जाळे विणतो. साहित्याच्या वर्गात तर या क्रियापदाला उसंत नसते. कथानकाची वीण, भाषेचा पोत, अनुभवांचा ताणाबाणा हे शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो. परंपराही आपल्या बाजूने आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा, ‘तंत्र’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ माग, ‘ग्रंथ’ हा गाठी मारण्यातून, गुंफण्यातून आलेला शब्द. इंग्रजीतला ‘टेक्स्ट’ही विणण्याच्या लॅटिन धातूतूनच निघाला. संतमांदियाळीत शिंपी आहे, कुंभार आहे, माळी आहे. आणि विणकर म्हटला की आपल्याला चटकन आठवतो तो कबीर.

आमची तक्रार या रूपकाविषयी नाही, त्याच्या एकांगीपणाविषयी आहे. हे रूपक नेहमी पूर्ण झालेल्या कापडाकडे पाहते. पहिल्यांदाच विणायला बसलेल्या हाताकडे ते कधी पाहत नाही. आणि एखादी विद्या जगते की मरते याचा निर्णय तर त्या पहिल्या हाताशीच होतो.

घरोघरच्या विणकामापासून सुरुवात करू. दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा एवढ्या भांडवलावर हे शिक्षण सुरू होते. नवशिक्याचे टाके आधी घट्ट पडतात, मग सैल. एखादा टाका सुईवरून निसटतो आणि ओळीमागून ओळ खाली घसरत जातो. पण निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवता येतो आणि सगळेच बिघडले तर सगळेच उसवता येते. कारण हे सारे विणकाम म्हणजे एकाच अखंड धाग्याचे फास असतात. धागा ओढला की स्वेटर पुन्हा गुंडा होतो. उलट टाका ही वेगळी वस्तू नसून सुलट टाक्याचीच पाठ आहे, हा शोधही शिकणाऱ्याला अशाच उसवाउसवीत लागतो. चूक इथे स्वस्त आहे. मासिकात छापलेला नमुना समोर ठेवून, गुरूवाचूनही, जातीपातीचा प्रश्न न येता ही कला इतक्या घरांत पसरली, त्याचे मोठे कारण हेच असावे असे आम्हांला वाटते. बालवर्गातल्या पाटीसारखी ही लोकर आहे. चुकले, पुसले, पुन्हा लिहिले.

मागाला अशी पाटी नाही. भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव आणि आसपासची कोष्टी वस्तीची गावे तसरच्या, म्हणजे इकडच्या बोलीत कोशाच्या, कापडासाठी ओळखली जातात. हा रेशीमकिडा तुतीवर घरात वाढत नाही. तो ऐन-अर्जुनाच्या पानांवर उघड्या रानात वाढतो आणि त्याला पाखरांपासून राखण्याचे काम विशेषतः ढिवर समाजाने केले. कोष उकळून सूत काढणे हे बव्हंशी बायकांचे काम. मांडीवर पीळ देऊन सूत काढण्याची जुनी रीत तसरच्या सगळ्याच मुलखांत होती. त्या मांड्यांची कातडी सोलवटण्यावर कोणी ओळ लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. मग कांड्या भरणे, ताणा लावणे, खळ देणे. आणि हे सगळे झाल्यावर विणकर मागावर बसतो. म्हणजे नवशिक्याच्या हाती धोटा येतो तेव्हा त्या धाग्यात चार-पाच माणसांची मेहनत आधीच गुंतलेली असते.

आता त्याने पाय पावडीवर, एक हात धोट्यावर आणि एक फणीवर ठेवून सुरुवात करायची. फणीची ठोक कमीजास्त झाली की कापडात आडवे पट्टे उमटतात. इथली नामांकित करवती साडी असेल, तर काठ आणि अंग यांचे बाणे वेगवेगळ्या धोट्यांनी विणून जोडावर एकमेकांत अडकवायचे असतात. त्या अडकवण्याच्या हिशेबातूनच काठाला करवतीसारखे दाते येतात. मोजणी चुकली की दाता मोडला. दोन-चार ओळी उसवता येतात. हात-दोन हात कापड उसवता येत नाही. ताण्याचे धागे घासून तुटू लागतात, बाण्याचे सूत विसकटते. बिघडलेले कापड बिघडलेलेच राहते आणि मजुरी नगावर असल्यामुळे त्या दिवसांचे मोलही बुडते.

ही नासाडी आजवर कोणी सोसली? घराने. मूल आधी कांड्या भरी, मग तुटलेले धागे जोडी, मग कधीतरी साध्या अंगाच्या चार बोटे कापडापुरते मागावर बसे. कांचीपुरमच्या कोरवई विणीत मागाशेजारी बसून दुसरा धोटा टाकणारा मदतनीस लागतो. ती मदतनिसाची जागा हीच शिकाऊ मुलाची जागा होती. या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गाणार नाही. शिक्षणाचा खर्च तिने मुलांच्या बालपणावर आणि बायकांच्या बिनमोल श्रमांवर टाकला होता आणि विद्येचे दार जातीच्या चौकटीत बसवले होते. ते घर मोडले, मुले शाळेत गेली, हे चांगलेच झाले. पण त्या घरासोबत नवशिक्याची जागाही गेली आणि तिच्या ठिकाणी आपण दुसरे काही उभे केले नाही.

आपण जे उभे केले ते पाहा. 1985च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. सुरुवातीला 22, पुढे 11. करवती साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला. हे सारे योग्यच आहे. पण त्यात संरक्षण आहे ते कापडाला, त्याच्या नावाला, त्याच्या उत्सवाला. 2009-10च्या हातमाग गणनेत देशात 43.31 लाख कामगार होते, 2019-20च्या गणनेत 35.22 लाख उरले. या घटीला यंत्रमाग, बाजार, सुताचे भाव अशी पुष्कळ कारणे आहेत; मात्र भरती का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी थांबत नाही. जो धंदा निष्णाताचेच पोट जेमतेम भरतो, त्यात दोन वर्षे बिघडवत राहणाऱ्याने खायचे काय?

प्रशिक्षणवर्ग असतात, असे यावर कोणी म्हणेल. असतात, परंतु काही आठवड्यांत पावडी आणि धोटा यांची ओळख होते, हात बसत नाही. हात बसतो तो वर्ग संपल्यानंतरच्या बिघाडांतून आणि त्या बिघाडांना कोणत्याही योजनेत रकाना नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तो रकाना हवा. नवशिक्याला पहिली दोन वर्षे नगावर नव्हे, दिवसावर मजुरी मिळावी. सरावासाठी स्वस्त सुती ताणा, म्हणजेच मागाची पाटी, मिळावी. वाया गेलेले सूत तोट्यात नव्हे, शिक्षणाच्या खर्चात धरावे. आणि ही जागा कोष्ट्याच्या मुलाइतकीच ढिवराच्या मुलीलाही खुली असावी. महाविद्यालयात प्रयोगशाळेत फुटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा खर्च आपण कुरकुर न करता धरतोच ना?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यात काय, असा प्रश्न उरतो. उत्तर आमच्या मते साधे आहे. लेखन हीदेखील अशीच विद्या आहे. तिच्यातही वाईट कवितांच्या वह्या, फसलेले निबंध, अर्धवट कथा यांची नासाडी कोणीतरी सोसावी लागते. एकेकाळी ती भित्तिपत्रकांनी, महाविद्यालयीन वार्षिकांनी, लघुनियतकालिकांनी सोसली. आता पहिल्याच लेखनाला स्पर्धेत उभे करण्याची घाई आहे. तेव्हा यापुढे एखाद्या कादंबरीच्या घट्ट विणीचे कौतुक करताना त्या विणीआधी वाया गेलेल्या सुताचाही विचार व्हावा. ते सूत कोणाच्या खात्यावर मांडले गेले, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.