आगाऊ भरलेले बारा हजार



बँकेतील माझ्या नोकरीची बरीचशी वर्षे कर्ज विभागात गेली. दुसऱ्यांच्या पैशाविषयी शहाणपणाने निर्णय घ्यावा, यासाठीच मला पगार मिळत असे. स्वतःच्या बारा हजार रुपयांपुढे ते शहाणपण किती टिकले, याची कबुली आज द्यावयाची आहे.

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या कुटुंबाने भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करण्याचा बेत आखला. पावसाळ्याच्या तोंडावर त्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे लुकलुकतात. नातवाला आणि नातीला ते दाखवावयाचे होते. आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे. माणशी दोन हजारांप्रमाणे बारा हजार रुपये मी आगाऊ भरले. बेत रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही, ही अट मी वाचली होती.

निघण्याच्या दिवशी सकाळी सूनबाईने मोबाईल माझ्यापुढे धरला. हवामान खात्याने आमच्या जिल्ह्यासह शेजारच्या जिल्ह्यालाही विजांच्या कडकडाटासह वादळी पावसाचा नारिंगी इशारा दिला होता. "पप्पा, पुढच्या आठवड्यात जाऊ या का?" तिने विचारले. मी म्हणालो, "आणि भरलेले बारा हजार पाण्यात घालायचे?" त्यावर कोणी काही बोलले नाही. घरातील वडीलधाऱ्यापुढे अशा वेळी कोण बोलणार?

नाशिकहून घोटी, बारी करीत आम्ही दुपारी शेंडीला पोहोचलो. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय उन्हाळ्याने बराच आटला होता. काठावरील मोकळ्या जागेत एकट्या जांभळाच्या सावलीत आमचे तंबू ठोकलेले होते. हवा अगदी कोंदली होती. डोंगरांमागून ढगांचे मनोरे चढत होते. वळिवाची ही लक्षणे शेतकऱ्याचे पोरही ओळखते. मी मात्र त्यांकडे पाठ करून बसलो.

आम्हा उभयतांचा चौविहार असल्याने साडेपाचलाच घरून आणलेले डबे उघडले. पहिला घास घेतला आणि वारा सुटला. धुळीचा लोट, पाठोपाठ टपोरे थेंब, आणि पाहता पाहता तंबूच्या दोन खुंट्या उखडल्या. सौ. आणि मुले गाडीकडे धावली. मी मात्र तंबूचा धातूचा दांडा दोन्ही हातांनी धरून, त्या जांभळाखाली, तंबू वाचवीत उभा राहिलो! तो तंबू माझा नव्हता, सामानही फारसे मोलाचे नव्हते. तरीही हात सुटेना.

नातवाला शाळेत शिकविले होते की वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. गाडीच्या खिडकीतून तो मोठ्याने मोजत होता. आधी नऊपर्यंत गेला, मग पाचपर्यंत, मग दोनपर्यंत. सूनबाई भर पावसात खाली उतरली, माझे मनगट धरले आणि आयुष्यात प्रथमच मला ओरडून म्हणाली, "पप्पा, सोडा तो दांडा!" आम्ही गाडीत शिरून दार लावले. त्यानंतरच्या विजेला नातू मोजू शकला नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले.

बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. नात माझ्या ओल्या सदऱ्याला घट्ट धरून होती.

पाऊस ओसरल्यावर जवळच्या वाडीतील एका घराने आम्हाला पडवी दिली, कोरड्या गोधड्या दिल्या. सकाळी मी पैसे पुढे केले, तेव्हा घरातील आजी म्हणाल्या, "पाऊस काय तुम्ही आणला व्हता का?" काजवे त्या रात्री दिसले नाहीत.

पडवीत मला झोप लागली नाही. कर्ज विभागातील जुन्या फायली आठवत राहिल्या. एखादा उद्योग बुडू लागला की पहिले कर्ज वाचविण्यासाठी दुसरे द्यावे, अशी शिफारस पुष्कळदा येई. 'आधी दिलेली रक्कम हे पुढील रक्कम देण्याचे कारण होऊ शकत नाही,' असा शेरा मीच कितीदा लिहिला असेल! अर्थशास्त्रात यालाच बुडीत खर्च म्हणतात. जे गेले ते मुक्काम केला तरी गेले आणि घरी राहिलो तरी गेले. निर्णय फक्त पुढे काय पणाला लागते, एवढ्यावरच घ्यावयाचा असतो. माझ्यापुढे सहा जीव पणाला होते आणि मी बारा हजारांचा हिशेब करीत होतो.

आपल्या व्यापारी घरांत ही चूक नित्य घडते. खरेदीचा भाव चढा होता म्हणून न खपणारा माल वर्षानुवर्षे कोठारात राहतो. फर्निचरवर खर्च झाला म्हणून तोट्यातील दुकान चालूच राहते.

यावर बँकांकडे एक उपाय आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते कर्जखाते अनुत्पादक ठरते. तेथे कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याच्या आशेला वाव नसतो. नियमाचे खरे मोल हेच, की ज्याने पैसे गुंतविले त्याच्या मनावर तो निर्णय सोडला जात नाही.

आमच्या घरीही आता तसाच नियम झाला आहे. सहलीचे पैसे कोणीही भरो, हवामानाचा इशारा पाहून जाण्या-न जाण्याचा निर्णय सूनबाई घेईल. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तंबूचा मुक्काम नाही.

परतीच्या पावसातही विजा पडतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली, धातूच्या टपाची मोटार देते. एकट्या झाडापासून आणि पाण्यापासून दूर राहावे. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर तत्काळ आडोशाला जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. ते मोबाईलवर अवश्य असावे.

आणि आगाऊ रक्कम भरताना, कोणता इशारा आला तर जावयाचे नाही, हे त्याच दिवशी घरात ठरवून घ्यावे. तोपर्यंत मन मोकळे असते. पैसे भरले की ते तंबूचा दांडा धरून बसते.