पिंजरा लावला, पुढे काय?

मैत्रिणींनो, ऊसपट्ट्यातल्या गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी ठरलेली. पिंजरा लावा, धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्यासमोर दुसरं काही बोलायला कुणाची जीभ रेटेल? माणसावर हल्ले करणारा बिबट्या धरायलाच हवा. पण नुसता दिसला म्हणून धरायचा, हे जुन्नर भागात करून झालंय आणि ते अंगाशी आलंय.

विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. शेतशिवारातले बिबटे धरून जंगलात सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, हा आकडा १७ वर गेला! अनोळखी रानात सोडलेला बिचकलेला प्राणी तिथे थोडाच गप्प बसतो? म्हणजे आपली पीडा आपण दुसऱ्या गावाच्या गळ्यात बांधतो.

ऊस उभा असला की बिबट्याला आडोसा मिळतो, मादी तिथेच पिल्लं घालते. तोडणीत पिल्लं सापडली की अर्धं गाव मोबाइल घेऊन धावतं. कुणी मांडीवर घेतं, कुणी फोटो काढतं. अहो, आई तिथंच कुठंतरी बसून बघत असते! आणि सगळ्यात जवळ असतात कोयता घेतलेल्या तोडणीच्या बायका आणि बांधावर निजवलेली त्यांची तान्ही. गर्दी हटली तर वनखात्याची माणसं पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई येऊन त्यांना घेऊन जाते.

अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री आढळली. कोंबडीच्या दुकानामागची घाण, लग्नातलं उष्टं उकिरड्यावर गेलं की कुत्री जमतात, त्यांच्यामागे तो येतो. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे ना? तिन्हीसांजेला पोरांना अंगणात एकटं सोडू नका. उसाच्या कडेला वाकून, बसून काम करताना सोबत असू द्या.

ग्रामसभेत पिंजऱ्यासाठी आवाज चढतो, पण शेतीला दिवसा वीज मागताना तो का चढत नाही? रात्रीच्या पाळीला दारं धरायला घरातला माणूस अंधारात उसात शिरतो, आणि तो परत येईपर्यंत आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही.