मेहमानांना डाळ?

लग्नातल्या उधळपट्टीवर बोलणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. जुम्म्याच्या बयानात बोलतात, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात आणि रविवारी त्याच हॉलमध्ये जेवायला जातात. त्यावर मी आज बोलणार नाही. मला घरच्या दावतीबद्दल बोलायचं आहे, चार-सहा माणसांच्या छोट्या दावतीबद्दल. ती आपल्याकडे मरत चालली आहे आणि तिचा जीव बिर्याणीने घेतला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या कुंभवलीत एक जोडपं आहे. तो तारापूर एमआयडीसीत शिफ्टवर जातो, ती घरी शिकवण्या घेते. भाड्याची दीड खोली. त्यांनी त्याच्या कामावरचे चार मित्र जेवायला बोलावले, दोघे बायकांसह. एक जळगावकडचा, एक डहाणूच्या वारली पाड्यावरचा, दोघे इथलेच. जेवायला तांदळाची भाकरी, मसूरची डाळ, जवळ्याची चटणी, भात आणि कांदा. भाकऱ्या तिने केल्या, चटणी त्याने केली, भांडीही त्यानेच घासली. मंडळी रात्री अकरापर्यंत बसली होती. दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एका खालांनी तिला फोनवर सुनावलं, "मेहमानांना डाळ? आपल्या खानदानात असं कधी झालं नव्हतं!"

झालं होतं, खाला. रोज होत होतं. या किनारपट्टीवर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात मटण बकरी ईदला आणि लग्नाला दिसायचं. एरवी सुके बोंबील, जवळा, डाळ, भाकरी. पाहुणा न कळवता यायचा आणि आमटीत एक तांब्या पाणी वाढायचं. त्या पाणी घातलेल्या आमटीने कुणाची इज्जत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता हिशोब करा. आठ माणसांच्या बिर्याणीला दीड-दोन किलो मटण लागतं, आणि मटण 700-800 रुपये किलो. त्यावर बासमती, तूप, दही, कांदे, कोल्ड्रिंक, गोड. अडीच-तीन हजार सहज जातात. कंत्राटी कामगाराची ती पाच-सहा दिवसांची हजेरी झाली. एवढा खर्च दर महिन्याला कोण करणार? मग कुणी कुणाला बोलावतच नाही. बोईसर स्टेशनवर भेट झाली की "घरी या की एकदा" म्हणायचं, आणि ते "एकदा" तीन वर्षं येत नाही. बोलावणाऱ्याच्या मनात खोट नसते. फक्त बिर्याणीएवढे पैसे आणि तेवढी सुट्टी एकाच आठवड्यात जमत नाही.

आमच्या भागात याची झळ जास्त लागते. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि कुंभवली, पास्थळ, सालवड, बोईसर या पट्ट्यात बाहेरून माणसं येत राहिली. खानदेशातली, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेश-बिहारची. यांचं खानदान इथे नाही. आजारी पडलं तर रिक्षा आणणारा मित्र हाच नातेवाईक. आणि तो मित्र घरात पाऊलच ठेवत नसेल, आपली भाबी त्याला चेहऱ्यानेही ओळखत नसेल, तर रात्री दोन वाजता दार कुणाचं ठोठवायचं?

मेहमाननवाजी ही सुन्नत आहे, म्हणून भरपूर करावं, असं काही जण म्हणतात. हजरत इब्राहिमांनी पाहुण्यांपुढे भाजलेलं वासरू ठेवलं, याचा दाखला देतात. बरोबर आहे. पण इब्राहिम गुरं राखणारे होते, वासरू त्यांच्या गोठ्यातलं होतं. त्यांनी ते हप्त्यावर आणलं नव्हतं!

एका अन्सारी जोडप्याचा किस्सा तर आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय. पैगंबरांचा पाहुणा घरी आणला आणि घरात मुलांपुरतंच खाणं होतं. बायकोने मुलांना निजवलं, दिवा विझवला आणि अंधारात दोघांनी जेवत असल्याचं नाटक केलं. बयानात हा किस्सा त्याग म्हणून सांगतात आणि तो आहेच. पण त्यात एक साधी गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. शेजाऱ्याकडून उसनं आणा, असं त्या दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही. घरात होतं ते पुढे केलं. आणि डोकं दोघांनी मिळून लढवलं. आपल्याकडे नवरा फोनवर "दहा जण येतायत" सांगून मोकळा होतो, तसं तिथे झालं नाही.

हजरत सलमान फारसींबद्दलची रिवायत मला फार आवडते. दोघे जण आले, त्यांनी भाकरी आणि मीठ पुढे ठेवलं. पैगंबरांनी तकल्लुफ करायला मनाई केली नसती तर केला असता, असंही सांगितलं. एक पाहुणा म्हणाला, मिठात थोडा सुगंधी पाला असता तर बहार आली असती. सलमाननी आपलं वजूचं भांडं गहाण टाकून पाला आणवला. जेवण झाल्यावर तोच पाहुणा अल्लाहचे आभार मानू लागला की, तू दिलंस त्यात आम्ही समाधानी आहोत. सलमान म्हणाले, समाधानी असतास तर माझं भांडं गहाण पडलं नसतं.

वर्गात शब्द शिकवताना मी मुलांना सांगतो की तकल्लुफ आणि तकलीफ एकाच अरबी धातूतून आले आहेत. मुलं हसतात, मोठ्यांना मात्र हे पटत नाही. दुसरी गंमत मराठीची. फारसीत मेजबानी म्हणजे यजमानाचं काम, त्याचं वागणं. आपण मराठीत त्याची मेजवानी केली आणि अर्थ सरकून थेट ताटावर गेला. त्यात यजमान कुठे उरला?

यजमानीण तर आधीपासूनच नव्हती. बिर्याणीच्या दावतीत भाबी आदल्या रात्रीपासून कांदा तळते, दुपारभर दमवर नजर ठेवते आणि पाहुणे आले की आतच राहते. "भाबी, काय चव आहे तुमच्या हाताला!" हे तिला पडद्याआडून ऐकू येतं. शेवटी तिच्या वाट्याला बुडाची खरड येते. डाळ-भाकरी असेल तर ती तासाभरात मोकळी होते आणि दस्तरखानावर बसते. कुणाला पडद्याचा मुद्दा असेल तर बायकांची वेगळी पंगत मांडा. पण तिलाही गरम जेवण मिळू द्या.

आता बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडं. कामावरचे, शाळेतले सहकारी दरवर्षी विचारतात, "सर, बिर्याणी कधी?" प्रेमाने विचारतात, मला राग येत नाही. पण आमच्या घराचं ते एकच दार त्यांना ठाऊक आहे, वर्षातून एकदा उघडणारं. आम्ही मंगळवारी काय खातो, हे त्यांना माहीत नाही. मार्च 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यापासून काहींच्या मनात आणखी एक शंका असते. ती ते बोलून दाखवत नाहीत, पण "उपवास आहे" म्हणून टाळतात. ताटात मसूरची डाळ आणि जवळा असेल तर ही शंका जन्मालाच येत नाही. मटण सोडा, असं मी म्हणत नाही. ओळख मटणापासूनच सुरू व्हावी हा आग्रह सोडा.

महाराष्ट्रात हा प्रयोग होऊन गेलेला आहे. 'निर्भीड'कार समतानंद अनंत हरी गद्रे यांनी स्पृश्य-अस्पृश्यांना एका पंक्तीत बसवलं ते झुणका-भाकरीवर. श्रीखंड-पुरीचा बेत ठेवला असता तर पैशावाल्यांशिवाय कुणालाही तशी पंगत घालता आली नसती. झुणका-भाकर कुणालाही परवडते, उद्या परत करता येते.

तेव्हा बिगरमुस्लिम मित्रांनो, ईदची वाट पाहू नका, आणि दर वेळी आमच्याकडेच येऊ नका, तुम्हीही बोलवा. "तुम्हाला आमचं साधं जेवण चालेल का?" असं विचारत बसू नका. वरण-भात आम्हाला चालतो. कैरीचं लोणचं असेल तर मी दोनदा भात घेतो.