अवलंबितांच्या यादीबाहेर

दिल्लीत केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या मराठी माणसाच्या घरी कुटुंबाची व्याख्या दर दोन-चार वर्षांनी एकदा तरी कागदावर तपासली जाते. निमित्त असते रजा प्रवास सवलतीच्या अर्जाचे. १९८८ च्या नियमांप्रमाणे आईवडिलांना या सवलतीत स्थान आहे, परंतु ते ‘पूर्णतः अवलंबित’ असतील तरच. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक निवृत्तिवेतन घेणारे वडील त्या रकान्यातून बाहेर पडतात. उलट बाजूने, मुलगा वा मुलगी कमावती झाली की तीही आईवडिलांच्या अर्जातून गळते. साठी ओलांडलेले पण धडधाकट आईवडील आणि तिशीतली कमावती मुले एकमेकांच्या अर्जात कोठेच सापडत नाहीत.

नियमाला दोष देण्याचे कारण नाही. सरकारी पैसा कोणावर खर्च व्हावा याला काही सीमा हवीच. खंत अशी की हीच व्याख्या नकळत घरातही रुजली आहे. मुले लहान असताना आईवडील त्यांना फिरवून आणतात आणि आईवडील थकले की मुले त्यांना यात्रा घडवतात. या दोन टोकांमधली दहा-पंधरा वर्षे, ज्यांत कोणीच कोणावर विसंबून नसते, ती नोएडा-गुरगावच्या रस्त्यांवरील वाहतुकीत आणि रविवारच्या दूरध्वनीत निघून जातात. या काळात आई किंवा वडील आणि प्रौढ मूल यांनी पाठीवर सॅक टाकून, मिळेल त्या बसने आणि होडीने, कोकणचा किनारा एकत्र पालथा घालावा. केवळ हौस म्हणून नव्हे, तर घरातील एक राहून गेलेले काम म्हणून त्याकडे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे आईबापांच्या प्रवासाचा आदर्श म्हणजे श्रावणबाळ. दिल्लीकरांना त्याचे दर्शन आजही घडते. उत्तरेकडील श्रावण महाराष्ट्रापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि हरिद्वारहून गंगाजल घेऊन निघालेल्या कावडियांनी मेरठ-गाझियाबादचा रस्ता भरून जातो. त्यांतील काही जण कावडीच्या पारड्यांत प्रत्यक्ष आईवडिलांनाच बसवून चालत असतात. २०२२ च्या यात्रेतील असे छायाचित्र अनेक वृत्तपत्रांनी छापले होते. मराठी वाङ्मयातही ही कावड आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत काकांच्या सोबतीने उत्तरेत पायी हिंडले आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. या भक्तीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तथापि पारड्यात बसलेल्या आईबापांना वाटेत काही ठरवायचे नसते, आणि खांद्यावर भार असलेल्या मुलाला त्यांच्याशी निवांत बोलता येत नाही. एक जण ओझे होतो, दुसरा हमाल. सॅकचा प्रवास याच्या नेमका उलट आहे, कारण तेथे प्रत्येकाचे ओझे त्याच्याच पाठीवर असते.

दिल्लीकरांना हा मार्ग वाटतो तितका दूर नाही. मुंबई गाठून गेटवेहून मांडव्याची लाँच पकडावी. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड असे एस.टी.ने किंवा सहा आसनी रिक्षाने उतरत जावे. राजपुरीहून जंजिरा पाहून आगरदांड्याला फेरीबोटीत बसले की खाडीपलीकडे दिघी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला सावित्रीच्या मुखाशी पुन्हा फेरीबोट आणि समोर वेश्वी. तेथून केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळला वाशिष्ठी आडवी येते. तेथील धोपाव्याची फेरीबोट २००३ पासून सुरू आहे आणि तिने गुहागरचा मोठा वळसा वाचवला. वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडली की जयगड, मग गणपतीपुळे आणि रत्नागिरी. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाल्यापासून रत्नागिरीहून थेट निजामुद्दीनला येता येते. मंगला एक्सप्रेसला एका दिवस-रात्रीहून काही तास अधिक लागतात. (ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून थांबली, त्यामुळे तिकिटाच्या बाबतीत तर वडील आणि मुलगी अगदीच समान पातळीवर आले आहेत.)

गाडी भाड्याने घेऊन हाच पल्ला तीन दिवसांत आटोपता येईल, असे कोणी म्हणेल. जरूर येईल. पण मग मागच्या आसनावर वडील झोपतील, पुढे मुलगा चालकाला मार्ग सांगेल आणि दोघे दिल्लीत राहतात तसेच तेथेही राहतील. धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत काढलेला अर्धा तास हा त्या प्रवासातील फुकट गेलेला वेळ नसतो. शेजारी मासळीच्या टोपल्या आहेत, दुचाकीवाले घाईत आहेत, बोट पलीकडून निघालेली दिसते आहे पण अजून आलेली नाही. अशा वेळी माणसे न ठरवता बोलू लागतात.

राजपुरीच्या धक्क्यावर तर याहूनही काही अधिक घडते. जंजिऱ्याला नेणाऱ्या तेथील होड्या शिडाच्या आहेत. होडी भरली की नाखवा सुकाणूवर बसतो, खलाशी दोर ओढतात, शीड फुगते आणि होडी एका अंगाला कलते. तेव्हा नाखवा ज्याला ‘पलीकडे सरकून बसा’ म्हणतो त्याला सरकावे लागते. मंत्रालयात अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असोत किंवा सायबर सिटीतील एखाद्या कंपनीत पन्नास जणांचा गट हाताळणारी त्यांची कन्या असो, होडीच्या तोलापुढे दोघांचे वजन तेवढे मोजले जाते. घरात वडिलांचा शब्द अखेरचा की आता मुलीचा, हा न बोललेला झगडा त्या अर्ध्या मैलापुरता तरी थांबतो. किल्ल्याच्या तटाशी होडी लागली की उतरताना कोणी कोणाचा हात धरायचा हे पायरीच्या शेवाळावर ठरते, वयावर नव्हे.

समुद्राकाठी वडीलधाऱ्यांजवळ असे काही ज्ञान निघते की जे दिल्लीच्या सदनिकेत कधी वरच येत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या बाराच्या आगेमागे. थोडा फरक पडतो, पण वाळूतून चालत जायचे की वरच्या रस्त्याने, एवढे ठरवायला तो पुरतो. बालपण कोकणात गेलेले आणि चाळीस वर्षे करोलबागेत राहिलेले वडील हा हिशेब विसरलेले नसतात. त्यांना तो विचारणारे कोणी भेटलेले नसते. मुलीच्या भ्रमणध्वनीवर भरतीचे कोष्टक मिळते हे खरे, आणि ते अधिक अचूक असते हेही खरे. दोन्ही ताडून पाहण्यात एक संध्याकाळ चांगली जाते.

आईचा विचार येथे वेगळा करावा लागतो. मराठी घरातील आई प्रवासाला निघते ती दशम्या, चिवडा, लोणच्याची बाटली आणि घरातल्या प्रत्येकाची औषधे घेऊन. स्थळ बदलते, तिचे काम बदलत नाही. मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर सॅक घेऊन निघणाऱ्या आईने डबा घरी ठेवावा, ही एकच अट पुरेशी आहे. आंजर्ले-गुहागरच्या घरगुती खानावळीत तिच्यापुढे कोणीतरी ताट वाढते आणि सोलकढी हवी का म्हणून विचारते. आपल्या आईला काय आवडते हे तिशीतल्या मुलाला बहुधा तेथेच प्रथम कळते. घरी ती नेहमी उरलेले घेत आलेली असते.

खर्चाचा प्रश्न मात्र आधी मिटवावा. मुलाने सर्व खर्च केला की वडील ‘पाहुणे’ होतात; वडिलांनी केला की मुलगा पुन्हा दहावीत जातो. दोघांनी वर्षभर समान हप्त्याची आवर्ती ठेव चालवून त्यातूनच प्रवास करावा, हे सर्वांत सोपे. प्रवासापूर्वी वर्षभर चाललेल्या या छोट्या भागीदारीचा परिणाम वाटेत जाणवतो. लॉज कोणता घ्यायचा यावर दोघांचाही सारखाच अधिकार असतो.

पैशाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करतात. नंतरही वारसांना त्या मागता येतात, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्या शोधण्याची सोयही झाली आहे. परंतु अशा कित्येक ठेवींमागे एकच साधे कारण असते: वडिलांनी सांगितले नाही आणि मुलांनी विचारले नाही. विचारणे म्हणजे त्यांच्या मृत्यूची वाट पाहणे, असा अर्थ निघण्याचे भय मुलांना असते. सांगणे म्हणजे आपला अधिकार सोडणे, असे वडिलांना वाटते. दिवाणखान्यात समोरासमोर बसून हा विषय निघत नाही. तो निघतो तेव्हा दोघेही एकाच दिशेला, पाण्याकडे, पाहत असतात. नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे, पुढेमागे आजारपणात कोठवर उपचार करावेत, दिल्लीतच राहायचे की गावी परतायचे, हे सारे किनाऱ्यावर चालता चालता बोलून होते, कारण तेथे कोणालाही मान वर करून उत्तर द्यावे लागत नाही.

आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. गुडघे, रक्तदाब, साखर यांचा विचार करून दिवसाला एकच टप्पा ठेवावा, आणि एका सॅकचे वजन पाच-सहा किलोंपलीकडे जाऊ देऊ नये. समुद्राचे भय तर अनाठायी म्हणताच येणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. कोकणातील जुन्या घरांत ते नाव अजूनही हलक्या आवाजात घेतले जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचची दुर्घटनाही ताजी आहे. यावर उपाय घरी बसणे हा नव्हे. भरगच्च होडी सोडून देणे आणि जीवरक्षक जाकीट घालणे हा आहे. ‘मला पोहता येते’ म्हणून जाकीट नाकारणारे वडील आणि त्यांच्यावर डोळे वटारणारी मुलगी हे दृश्य लाँचवर दिसले, तर मुलीची बाजू घ्यावी.

काळही जपावा लागतो. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे, आणि पाणी बरेचसे शांत. याच महिन्यांत दिल्लीची हवा इतकी खराब होते की डॉक्टर ज्येष्ठांना सकाळचे फिरणेही बंद करायला सांगतात. श्वासाला त्रास होतो म्हणून डिसेंबरभर खिडक्या लावून बसणाऱ्या वडिलांना हर्णैच्या किनाऱ्यावर चालायला नेणे, याला चैन कसे म्हणावे? ज्यांना एकट्याने आखणी करणे जड वाटते त्यांच्यासाठी चाणक्यपुरीत यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे मुख्य कार्यालय आहे. नाव तरुणांचे असले तरी सभासदत्व प्रौढांनाही मिळते.

एक घाई मात्र खरीच आहे, आणि ती केवळ वयाची नाही. रेवस-रेड्डी सागरी मार्गावरील खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. स्थानिक लोकांना हे पूल कधीच हवे होते. आजारी माणसाला पलीकडच्या रुग्णालयात न्यायचे असेल तेव्हा फेरीबोटीचे सौंदर्य कोणाला सुचत नाही. पूल झाले की मोटार न थांबता खाडी ओलांडेल. तोवर आगरदांड्याला बोट पलीकडून येईपर्यंत धक्क्यावर थांबावेच लागते, आणि तेथील टपरीवर दोन चहा मिळतात.