फेफरे, एक कायनेज आणि आईवरचा ठपका

अपस्माराचा बालरुग्ण आला की आपण औषध लिहितो, मात्रा ठरवतो. परंतु ‘हे का झाले?’ या पालकांच्या प्रश्नाला बहुधा त्रोटक उत्तर देतो. काही मुलांच्या बाबतीत तरी तसे करण्यास आता सबब उरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिसचेच पाहा.

पेशीला वाढीचा हुकूम देणारे एमटॉर हे एक प्रथिन-कायनेज. हॅमार्टिन आणि ट्यूबरिन ही प्रथिने मिळून त्याला लगाम घालतात. त्यांपैकी ट्यूबरिनचे जनुक १९९३ साली सापडले, हॅमार्टिनचे १९९७ साली. यांतील एक जरी निकामी झाले तरी लगाम सुटतो. मेंदूच्या बाह्यस्तरात अवाढव्य, बेढब पेशी साचतात, चेतापेशींची जोडणी बिघडते आणि उत्तेजन व निरोध यांचा तोल ढळतो. आपली नेहमीची औषधे या साखळीच्या शेवटच्या कडीवर काम करतात. एव्हरोलिमस मात्र थेट कायनेजलाच आवरते. ज्या रापामायसिनपासून ते घडले, ते ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून वेगळे करणाऱ्यांत आपल्या बनारसच्या विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल अग्रणी होते, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.

तथापि हुरळून जाऊ नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६६ रुग्णांच्या चाचणीत, औषधाची रक्तपातळी अधिक राखलेल्या गटात ४० टक्के रुग्णांचे झटके निम्म्याने वा अधिक घटले. केवळ नाममात्र गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे साठ टक्क्यांना तेवढा लाभ झालाच नाही. शिवाय तोंड येणे, जंतुसंसर्ग हे त्रास आहेतच. ते औषध तज्ज्ञांनीच द्यावे.

आपल्याकडून अपेक्षा आहे ती साधी. झटके येणाऱ्या प्रत्येक बाळाचे कपडे उतरवून त्वचा नीट पाहावी, शक्य तर वुड्स दिव्याखाली. पानाच्या आकाराचे फिकट चट्टे दिसले तर घरचे लोक ‘कोड’ म्हणून ते झाकू पाहतात. आपण झाकू नयेत. अशा तान्ह्या बाळाला वारंवार अंग आखडणारे झटके येत असतील तर व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. दृष्टीवर लक्ष ठेवावे लागते, पण उशीर बुद्धीच्या वाढीला महागात पडतो.

आणि आई? कांदा हुंगवणारी आजी, ‘तुमच्याकडूनच आले’ म्हणणारे सासर हे सारे आपल्या परिचयाचे आहे. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ साली वगळली गेली. सोयरिकीच्या बैठकीतून ती अजून गेलेली नाही. या विकारात सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत जनुकीय बदल नव्यानेच घडलेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. उरलेल्या एक-तृतीयांशात तो बापाकडूनही तितकाच येऊ शकतो. तेव्हा पुढील अपत्याचा सल्ला देण्यापूर्वी दोघांनाही तपासावे, आणि निष्कर्ष सासू-सासऱ्यांच्या समक्ष सांगावा.